सहा कुत्री आणि डिंकाचे लाडू

लीड्सला येऊन मला तीन वर्षं झाली होती, आणि थंडी म्हणजे काय ते आपल्याला कळलंय असा माझा पक्का समज होता. बाथरूमच्या खिडकीला आतून बर्फ धरायचं, याहून वाईट काय असणार? म्हणून एके संध्याकाळी हे हॉस्पिटलमधून आले आणि म्हणाले, ‘साहेबांनी आपल्याला चार दिवस स्कॉटलंडला बोलावलंय, बर्फात तंबू ठोकून राहायला,’ तेव्हा मी विचारलं, ‘का? तुमचं काय चुकलं?’

साहेब म्हणजे यांचे कन्सल्टंट, ज्यांच्या हाताखाली हे डॉक्टरकी करायचे ते मोठे सर्जन. तरुणपणी दक्षिण ध्रुवाकडे दोन वर्षं काढून आलेले. तिथून दाढी आणि कुत्र्यांचं वेड घेऊन परतले होते. शहराबाहेर एका शेतावर त्यांची सहा केसाळ कुत्री असायची, आणि दर हिवाळ्यात ते ती बर्फावरून घसरणाऱ्या बिनचाकी गाडीला जुंपायला उत्तरेला जायचे. अशा माणसाला नाही म्हणायची यांची प्राज्ञा नव्हती. मुलीला शेजारणीकडे ठेवून आम्ही निघालो.

माझा अवतार काय सांगू! आत यांची लोकरीची लांब चड्डी, वर सहावारी, त्यावर दोन स्वेटर, पायात वेलिंग्टन बूट. पँट घाल म्हणून हे विनवत होते. परक्या पुरुषासमोर पँट कशी घालायची, हा माझा प्रश्न. परक्या पुरुषासोबत एका तंबूत झोपायचं, ते मात्र डोक्यातच आलं नव्हतं. असं होतं ते डोकं.

तंबूत एकच गोष्ट मला कळली, ती म्हणजे प्रायमस स्टोव्ह. साहेब काड्यांवर काड्या ओढत होते. मी त्यांच्या हातून तो घेतला, पिन मारली, पंप मारला आणि भर्रकन पेटवला. साहेबांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. तेवढ्या कौतुकावर मी इतकी फुगले, की पुढचं सगळं त्यातूनच घडलं असावं.

कुत्र्यांमध्ये सगळ्यात पुढे धावायची एक म्हातारी कुत्री होती. तोंड पांढरं, एक कान फाटलेला. ती साहेबांच्या पायाशी झोपली होती. तिच्या डोक्यावर हात ठेवून साहेब यांना म्हणाले, ‘उद्या तिची परीक्षा आहे. गेल्या वर्षी मध्येच थांबायला लागली. कामाच्या कुत्र्याने काम केलं नाही तर त्याला जगवायचं नसतं, आम्ही तिकडे तेच शिकलो. उद्या गाडी ओढली तर ठीक. नाहीतर परत गेल्यावर इंजेक्शन.’

मला इंग्रजी कमी कळायचं, पण हे कळलं. कळलं नाही ते त्या हाताचं. तोंडाने असं बोलतायत आणि हात तिच्या कानामागे खाजवतोय. यातलं खरं काय धरायचं?

सकाळी कुत्री गाडीला जुंपली आणि सहाच्या सहा आकाशाकडे तोंड करून रडायला लागली. असं रडणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी यांना म्हटलं, ‘अहो, यांना खायला दिलं का?’

‘संध्याकाळी देतात. पळायच्या आधी पोट रिकामं लागतं.’

‘आणि उपाशीपोटी ओढायचं? आमच्याकडे बैलालासुद्धा वैरण टाकल्याशिवाय जुंपत नाहीत.’

‘अगं, ती धावायची घाई झाली म्हणून ओरडतायत. तू त्यात पडू नकोस.’

घाई झाली म्हणून कोणी असं रडतं का? मला पटेना. आमच्या घरातून कामाला निघालेलं माणूस रिकाम्या पोटी उंबरा ओलांडत नसे. हे दोघे तंबूच्या दोऱ्या घट्ट करायला गेले तशी मी पिशवीतून डबा काढला. थंडीसाठी म्हणून मुद्दाम केलेले डिंकाचे लाडू होते, तूप सुटलेले. पाच कुत्र्यांना दोन-दोन दिले. म्हातारीला पाच. वयाने मोठी, शिवाय परीक्षा तिची. मान नको ठेवायला? रडणं लगेच थांबलं, आणि मी मनात म्हटलं, बघा, ध्रुवावर जाऊन आलेल्यांनाही हे कळलं नाही!

मला कांबळ्यात गुंडाळून गाडीवर बसवलं, साहेब मागच्या फळीवर उभे राहिले, आणि हे मागून धापा टाकत चालत निघाले. मैलभर छान गेलं. मग म्हातारी थांबली, ओकली आणि बर्फात बसली. मागची पाच तिच्यावर आदळून दोऱ्यांचा गुंता झाला. साहेब फळीवरून उतरले आणि गुंता सोडवायला लागले. ‘म्हणजे झालं तर,’ एवढंच म्हणाले.

हे पोचले तशी मी हळूच म्हटलं, ‘अहो, मी कुत्र्यांना लाडू दिले.’

‘किती?’

‘सगळे.’

यांचा चेहरा बर्फाहून पांढरा झाला. ‘एक अक्षर बोलू नकोस. ते माझे साहेब आहेत.’

चार वाजता अंधार पडेपर्यंत मी बोलले नाही. तंबूत म्हातारी साहेबांच्या पायाशी येऊन पडली, आणि मला राहवेना. म्हटलं, ‘सर, डॉग नॉट ओल्ड. आय गिव्ह स्वीट. फाइव्ह.’

साहेबांनी यांच्याकडे बघितलं. यांना सगळं सांगावंच लागलं. डिंक, खारीक, खोबरं, तूप.

‘झाडाचा डिंक? तो खातं कोण?’

‘बाळंतिणी, सर.’

साहेब हसले नाहीत, चिडलेही नाहीत. मला उलगडाच होईना. दिवा मालवताना म्हणाले, ‘उद्या पुन्हा.’

दुसऱ्या दिवशी कुत्री जुंपून होईपर्यंत मला त्यांच्यापासून वीस पावलं लांब उभं केलं, मगच गाडीवर बसवलं. गाडी निघाली. म्हातारी कालची जागा ओलांडून गेली, तशी मी टाळ्या वाजवल्या. पुढे चढ लागला. अर्ध्या चढावर ती थांबली. ओकली नाही, काही नाही. नुसती वळली आणि साहेबांकडे बघत उभी राहिली.

मी ओरडले, ‘सर, लाडू! स्टिल इनसाइड!’

साहेब खाली उतरले, तिच्यापाशी गुडघ्यावर बसले आणि तिचं पोट चाचपत राहिले. मागून हे धापा टाकत पोचले, तेव्हा मान वर न करता साहेबांनी ऑपरेशन थिएटरमधल्या आवाजात विचारलं, ‘डॉक्टर, हा डिंक पोटात किती दिवस राहतो?’

हे माझ्याकडे बघेनात. साहेबांसमोर कधी चुकीची नाडीसुद्धा न सांगितलेला माणूस. म्हणाले, ‘महिनोन्‌महिने, सर. काही केसेसमध्ये वर्षं.’

‘मग तोवर या कुत्रीबद्दल काहीच ठरवता येणार नाही.’

‘नाही, सर.’

साहेबांनी तिचा पट्टा सोडला, तिला उचललं आणि माझ्या मांडीवर आणून ठेवलं. पंचवीस किलोचं ओलं धूड. तिने माझ्या पदराला नाक पुसलं आणि झोपली.

आणि मी? तंबूपर्यंत आणि पुढे थेट लीड्सपर्यंत माझ्या जिवाला घोर लागला होता. मुलीच्या बाळंतपणात मी या लाडवांचे डबेच्या डबे संपवले होते. शेवटी यांना विचारलंच, ‘अहो, माझ्या पोटात अजून किती असेल हो?’