बेसवाल्याला वन्स मोअर

कुठेही गाणं लागलं, चहाच्या टपरीवर किंवा लग्नाच्या मांडवात, की शेजारचे काका उजव्या हाताचं बोट जमिनीकडे करत आणि म्हणत, "खालचं ऐक." वर गाणारा गात असे, खाली काहीतरी घुमत असे. मला सुरुवातीला ते घुमणं ऐकूच यायचं नाही. ते थांबून राहायचे. मला ऐकू आलं आणि मी मान हलवली, की मगच पुढे चालायचे. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यामुळे साध्या रस्त्याला उशीर होतो.

मी हरसूलजवळच्या पाड्यावरची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सातपूरच्या कामगार कॉलनीत मावशीकडे राहून शिकत होते. भिंतीपलीकडे हे काका. कारखान्यात लेथवर टर्नर होते. पहिली पाळी करून दुपारी घरी येत, आंघोळ करत, आणि कोपऱ्यातला उभा बेस पुढे घेऊन वाजवायला लागत. माणसाहून उंच, तंबोऱ्यासारखा कुशीत घ्यावा लागणारा तो चार तारांचा डोलारा. त्यांनी खालची तार छेडली की मावशीच्या फळीवरची पितळी थाळी थरथरायची. मावशी भिंतीवर लाटणं आपटायची आणि ते हळू वाजवायचे. दोघांचं कधी भांडण झालं नाही. एकदा दोन दिवस थाळी वाजली नाही, तर मावशीनेच मला विचारायला पाठवलं, त्यांना बरं नाही का म्हणून.

तरुणपणी ते मुंबईच्या हॉटेलात जॅझ, म्हणजे ठरलेल्या चालीभोवती त्या क्षणी सुचेल ते, वाजवत. एका म्हाताऱ्या गोवेकर वादकाने त्यांना बेस शिकवला होता. हॉटेलांनी वादक ठेवणं बंद केलं तसे ते नाशकाला परतले, कारखान्यात लागले आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत उभे राहू लागले. कॉलनीत बँड म्हटलं की लोकांना वरातच आठवायची. पुढच्या चाळीतले एक गृहस्थ मुलीच्या लग्नात वाजवायचं विचारायला आले, तेव्हा काका अगदी गंभीरपणे म्हणाले, "आमच्या बँडवर नाचता येत नाही. डोलता येतं. वरात पुढे सरकणार नाही तुमची."

मला ते 'कॉलेज' म्हणत. "काय कॉलेज, आज काय शिकवलं?" मी वर्गात हजेरीलासुद्धा इतकं हळू बोलायचे की सरांनी दोनदा मला गैरहजर लावलं होतं. त्यांच्याशी मात्र बोलायचे. एकदा त्यांनी आमच्या हरसूलच्या बाजाराबद्दल विचारलं. मी भाज्या, कोंबड्या, बांगड्या सांगू लागले तर म्हणाले, "भरतो कसा ते नको. उठतो कसा ते सांग." मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी आठवून सांगितलं, की आधी लांबच्या पाड्यांची माणसं निघतात, मग न विकलेली बकरी मालकामागून परत जाते, ताडपत्र्या झटकल्या जातात, आणि सगळ्यात शेवटी सुकट विकणारी बाई उरते, कारण तिची गाडी उशिरा असते. आठवड्याभराने भिंतीपलीकडून नवीनच काहीतरी यायला लागलं. त्याला त्यांनी नाव दिलं 'हरसूलचा बाजार'.

त्यांच्या स्वतःच्या अशा सहा रचना झाल्या होत्या. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं आणि त्यांच्या मनात एकच होतं, या सहाही रचनांची एक कॅसेट निघावी, तीही लोकांसमोर वाजवलेली. खोलीत बंद होऊन वाजवलेलं जॅझ म्हणजे फोटोतलं जेवण, असं ते म्हणत. कॅसेटवर माणसं ऐकू आली पाहिजेत.

तसं जमून आलं. मुंबईहून त्यांचा जुना मित्र सॅक्सोफोन घेऊन आला. तो महिन्याभराने मुलाकडे कायमचा परदेशी जाणार होता, म्हणून हा एकच रविवार. कीबोर्ड आणि ड्रमवाले ऑर्केस्ट्रातलेच. एका वाचनालयाचा हॉल सकाळपुरता मिळाला. रेकॉर्डिस्टने जुनं मशीन आणि टेपची दोन स्पूलं आणली. सहा रचना त्यात नेमक्या बसत होत्या. मी दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गावाहून बोलावून घेतलं. आमच्या बाजाराचं गाणं होणार, एवढंच त्यांना सांगितलं होतं. ते धुतलेली टोपी घालून दुसऱ्या रांगेत ताठ बसले.

आणि माणसं ऐकूच येईनात. हॉल भरला होता, पण सगळे शाळेत बसल्यासारखे गप्प. काकांनी आधी सांगितलं होतं, एकेकाचं वाजवून झालं की मधेच टाळ्या वाजवा, चालतं. पण मधेच टाळी वाजवली तर वाजवणाऱ्याचा अपमान होईल, असं सगळ्यांना वाटत होतं. चार रचना झाल्या, प्रत्येकीच्या शेवटी थोडी सभ्य टाळी. काका सारखे समोर बघत होते. त्यांचा चेहरा मला बघवेना.

पाचव्या रचनेत बाकीचे तिघं थांबले आणि ते एकटेच वाजवू लागले. कारखान्यात कापलेल्या बोटांना चिकटपट्ट्या होत्या. मला जॅझ कळतं असं मी म्हणणार नाही. पण भिंतीपलीकडून तीन वर्षं जे ऐकलं, ते पहिल्यांदाच पूर्ण ऐकू आलं. त्यांनी शेवटचा सूर सोडला आणि मी उभी राहून ओरडले, "वन्स मोअर."

मीच ओरडले हे मला सगळ्यांनी वळून पाहिल्यावर कळलं. गॅदरिंगला आवडत्या गाण्याला तसंच ओरडतात, मला तेवढंच माहीत होतं. पण लोक जणू त्याचीच वाट बघत होते. मागून दोघं ओरडले, मग सगळा हॉल. पाय वाजू लागले. दादासुद्धा टाळ्या वाजवत होते.

रेकॉर्डिस्ट तेवढा जागेवरून उठला. त्याने स्पूलकडे बोट दाखवून नकारार्थी हात हलवला. पुन्हा वाजवलं तर सहावी रचना टेपवर बसणार नाही, हे मलाही समजलं. सहावी म्हणजे हरसूलचा बाजार. मला वाटलं, आता जमिनीने पोटात घ्यावं.

काका बराच वेळ स्पूलकडे पाहत राहिले. मग माइककडे वाकून म्हणाले, "तेच पुन्हा येणार नाही. दुसरं येईल. चालेल का?"

हॉल म्हणाला, चालेल.

ते पहिल्यापेक्षा जास्त वेळ वाजवत राहिले. आता लोक मधेच दाद देत होते, हसत होते, एक म्हातारे मोठ्याने 'वा' म्हणाले. सगळं टेपवर गेलं. मग काकांनी सहाव्या रचनेचं नाव सांगितलं आणि रेकॉर्डिस्टने दोन्ही हात रिकामे करून दाखवले. टेप नेमकी तिथेच संपली होती. काकांनी मान हलवली आणि बाजार वाजवला, अगदी निवांत, कुठे पोचायची घाई नसल्यासारखा. एकेक वाद्य थांबत गेलं. शेवटी फक्त बेस उरला, मग तोही नाही. दादा माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "असाच उठतोय बाजार. शेवटाला कोणी नाय रहत."

हॉल रिकामा झाल्यावर मी रडत त्यांच्यापुढे गेले. माझ्यामुळे बाजार टेपवरून गेला, असं मी म्हणाले. ते बेसला गवसणी घालत होते.

"तीस वर्षं मागच्या रांगेत वाजवलं, कॉलेज," ते म्हणाले. "गाणाऱ्याला वन्स मोअर मिळतो. सॅक्सोफोनला मिळतो. बेसवाल्याला कधी कुणी दिलाय? मी नाही कसं म्हणणार होतो?"

रेकॉर्डिस्ट माझा आवाज कापून टाकतो म्हणत होता. त्यांनी कापू दिला नाही. पाच रचनांची कॅसेट निघाली. वेष्टनावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, त्यांचं नाव आलं. शेवटी त्यांच्याच आवाजात "आता हरसूलचा बाजार" असं ऐकू येतं आणि पुढे काहीच नाही. कॉलनीतल्या एकाने कॅसेट खराब निघाली म्हणून परत आणली. काका म्हणाले, खराब नाही, तेवढीच आहे. आणि त्याला चहा पाजला.

मित्र परदेशी गेला. पुन्हा रेकॉर्डिंग करू, असं काका दोन-तीनदा बोलले, पण सॅक्सोफोनशिवाय त्यांना ते करायचं नव्हतं. गेल्या वर्षी, निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत, ते गेले. त्यांच्या वहीत हरसूलच्या बाजाराची फक्त बेसची ओळ सापडली. बाकीच्यांनी त्या दिवशी जे वाजवलं, ते त्यांचं त्यांनाही सांगता येत नाही.

आता मी एम.ए.ला आहे. सुट्टीत घरी गेले की दादा पाहुण्यांना मुद्दाम बसवून घेतात आणि कॅसेट लावायला सांगतात. लेकीचा आवाज आला की पाहुण्यांकडे बघतात. शेवटी काकांचा आवाज नाव सांगतो आणि टेप नुसती फिरत राहते. पाहुणे उठायला लागतात. दादा हातानेच त्यांना बसा म्हणतात. टेप संपून बटण आपोआप वर येईपर्यंत आम्ही दोघं ऐकत असतो.