शटरचा डोळा

आप्पांची बसायची जागा म्हणजे आमच्या गाडीच्या खोलीचा उंबरा. सोलापूरच्या उन्हाळ्यात वारा फक्त तिथंच लागतो, असं त्यांचं ठाम मत. खाली जुनी चादर चौघडी करून, हातात पेपर. उमेदीची सगळी वर्षं गिरणीत मागांच्या खडखडाटात गेली, त्यातच कानही गेले. आता कानाशी ओरडलं तरी माझे वडील नुसते हसतात. म्हणून आईच्या गुडघ्यांसाठी मोटरचं शटर बसवायचं ठरलं, तेव्हा माझी एकच अट होती: खाली माणूस असताना ते उतरता कामा नये.

बसवणारा होटगीचा होता. त्यानं उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून वीतभर वर, दोन सेन्सर समोरासमोर बसवले. शटर सोडून मध्ये केरसुणी धरली, तसं ते थबकलं आणि उलटं वर गेलं. आईला तो म्हणाला, "मावशी, ह्यो डोळा हाय. मदी कुनी आलं की ह्याला दिसतंय." मग दोन्ही रिमोट मोटरला जोडून दिले. आतल्या भिंतीवर एक बटणही होतं. कधी अडलंच तर ते दाबून धरायचं, मग शटर डोळ्याचं न ऐकता खाली येतं. पण आधी उंबरा बघून घ्यायचा, हे त्यानं पुन्हा पुन्हा बजावलं. आईनं मान डोलावली. तिच्या मान डोलावण्याचा मला कधीच भरवसा वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर बाहेर काढली. आप्पा नेहमीसारखे मला सोडायला रस्त्यापर्यंत आले. रिमोट दाबला, तर शटर हातभर उतरलं आणि परत वर गेलं. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. ऑफिसला उशीर होत होता, डोकं तापलं होतं. समोरच्या कडुलिंबाखाली जाऊन मी त्या कारागिराला फोन लावला आणि कालच बसवलेलं आज बिघडतंच कसं, म्हणून त्याला फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "डोळ्यावर काय लागलंय का बगा की."

तेवढ्यात मोटर घरघरली.

शटर खाली येत होतं, न थांबता. आणि मी फोनवर अडकलेली बघून आप्पा आपल्या जागी जाऊन बसले होते, पाठ घराकडे, पेपर उघडलेला. आत आई बटण दाबून उभी असणार. तिच्या आणि उंबऱ्याच्या मध्ये कार उभी होती. आप्पा माझ्याजवळच आहेत, अशी तिची समजूत. मी रिमोट दाबत सुटले, काही होईना. धावले. मला धावत येताना बघून आप्पा हसले आणि मला बसायला जागा व्हावी म्हणून जरा सरकले, तिथंच, शटरखाली.

"आई, बोट काढ!"

शटर थांबलं. आप्पांच्या टोपीवर जेमतेम चार बोटं जागा उरली होती.

आई कारला वळसा घालून आली आणि बघतच राहिली. मी तिला वाट्टेल ते बोलणार होते, तेवढ्यात माझं लक्ष खाली गेलं. दोन्ही सेन्सरच्या काचेवर, अगदी मधोमध, हळदीकुंकवाची ओली बोटं होती. सकाळी तिनं नव्या वस्तूची पूजा केली होती. बटणाला लावलं, रिमोटला लावलं, आणि डोळा म्हणाला म्हणून डोळ्याला जरा जास्तच लावलं.

ती खाली बसून पदरानं काच पुसू लागली. काच स्वच्छ झाली तरी पुसतच होती.

"माझ्या कुंकवासाठीच कुंकू लावलं की गं," ती म्हणाली. "आणि त्यानंच..." तिनं पदर डोळ्यांना लावला. मलाही रडू आलं.

आप्पांनी आळीपाळीनं आमच्याकडे बघितलं. काय झालं, त्यांनी विचारलं. आई त्यांच्या कानाशी वाकली. "काय न्हाय. सरका जरा."

आणि घरात ढीगभर कामं पडलेली असताना ती त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसली. फोनवर कारागीर अजून हॅलो हॅलो करत होता. डोळा पुसला म्हटल्यावर म्हणाला, आता रिमोट दाबून बघा. मी रिमोट पर्समध्ये टाकला. आप्पा आईला पेपरातली कसलीशी बातमी दाखवत होते, आणि ती त्यांचा सदरा मुठीत घट्ट धरून हो हो म्हणत होती.