चार बोटं वर

जिजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कापूस वेचत होते. तिची सून शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून ओरडली, "लहान्या आत्याबाई, मोठ्या आत्याबाई गेल्या वो…" तेव्हा मनात पहिलं काय आलं ते कुणाला सांगता येत नाही, म्हणून वहीत लिहिते. वाटलं, इथंही हिचाच नंबर आधी लागला. जिजी माझी थोरली जाऊ. महिना झाला, अजून तेच वाटतं.

आमची घरं एका भिंतीची. माझं नाल्याच्या बाजूला, जरा उतारावर. गावात बीटीचा कापूस नवा आला होता, त्या काळात परतीच्या पावसात नाला घरात शिरला. पहिल्या वेच्याचा कापूस भिजला. पाणी ओसरल्यावर आम्ही दोघींनी एकमेकींची घरं पाहिली. भिंतीवर गाळाची रेघ उमटली होती. हात लावून जिजी म्हणाली, "तुह्या घरात माह्यापेक्षा चार बोटं वर हाय वं." उद्या तलाठी पंचनाम्याला येणार असं कळलं. साहेब घरात येणार म्हणून मला लाज वाटली. मी गाळ उपसला, भिंती पांढऱ्या मातीनं पोतारल्या, जमीन शेणानं सारवली. जिजीनं काडीही हलवली नाही. मी मनात म्हटलं, आळशी.

तलाठी माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "इथं काय बुडालं बाई? हे तर लग्नघर दिसतंय." सगळे हसले. मी पदराआड. जिजीच पुढे झाली, "अवो साहेब, हिच्याकडं तं जास्त पानी होतं! कालच पोतारलं तिनं. बोल ना वं, मुकी हायेस का?" मला बोलता आलं नाही… यादीत तिचं नाव आलं, माझं नाही.

मदतीतून तिनं घरावर नवी टिनं टाकली. पाऊस आला की त्यांचा ताडताड आवाज माझ्याकडे यायचा, आणि मी गळक्या छपराखाली गंज-भांडी मांडत तो ऐकायची. किती वर्षं ऐकला. भिंतीवरची रेघ मात्र तिनं तशीच ठेवली. दर दिवाळीला तेवढी सोडून वरखाली पोतारायची. "तू अर्ज लिही. लिहिता तुले येते, मी अंगठाछाप. कोनी पाहाले आलं तं इथून चार बोटं वर मोजून तुह्यं पानी दाखवू." मला वाटायचं, हिणवते. एकदा म्हटलंच, "ठेवा जपून, तुमचं बक्षीस हाय ते."

"काऊन जळून राह्यली वं?" ती म्हणाली. "माह्यापाशी तोंड हाय, तुह्यापाशी अक्षर. दोन्ही मिळून एक बाई झाली असती."

अर्ज मी लिहिला नाही. तिच्या तोंडून माझं काम व्हावं, हेच मला नको होतं.

परवा सुनेनं घर पोतारायला काढलं. "लहान्या आत्याबाई, ही रेघ पुसू का?" मी "नको" म्हणाले, इतक्या मोठ्यानं की माझी मीच दचकले. ती पाणी आणायला गेली तेव्हा रेघेवर चार बोटं आडवी ठेवून पाहिली. माझं पाणी इथवर होतं. ते पाहिलेल्या आम्ही दोघीच, त्यातली बोलणारी गेली… आणि माझ्या पाण्याची खूणसुद्धा तिच्याच भिंतीवर राहिली.