डावं-उजवं

मी यांच्या डाव्या हाताला खुर्ची ओढून बसले होते आणि हे नर्सला विचारत होते, "नीला आली नाही का अजून?" मी म्हटलं, "अहो, इथेच आहे की," तर उजवीकडच्या भिंतीकडे बघत मला शोधू लागले. शेवटी मी उठून पलंगाला वळसा घालून पलीकडे गेले. मग ओळखीचं हसले आणि म्हणाले, "गाडीत हवा बघितलीस का?" आमचं शेवटचं बोलणं ते हेच... दुसऱ्या दिवशी सकाळी हे गेले. त्याला आता दीड महिना होत आला.

अविनाश, म्हणजे आमचे हे, नोकरीभर एका कारखान्यात मालाची तपासणी करत होते. निवृत्त झाल्यावर तपासायला माल उरला नाही, म्हणून कोथरूडच्या आमच्या सोसायटीचं पार्किंग त्यांनी ताब्यात घेतलं. सकाळचा चहा झाला की खाली जायचं आणि उभ्या गाड्यांच्या टायरांवरून तळहात फिरवायचा. समोरच्या जोशींना म्हणाले होते, "मधली नक्षी सगळी गेलीय. हवा भरता की फुगे फुगवता?" दुसऱ्या एकाच्या टायरच्या दोन्ही कडा झिजलेल्या दिसल्या, तर त्याला "पंपावर फक्त पेट्रोलच घेता वाटतं! हवा फुकट असते हो," असं ऐकवलं. लोक चिडायचे आणि चार दिवसांनी गुपचूप सल्ला विचारायला यायचे. यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "टायर कधी डावं-उजवं करत नाही. एकीकडूनच झिजला, तर दोष दुसरीकडे असतो. तो शोधायचा." मला मेलीला त्या टायरपुराणाचा इतका कंटाळा यायचा! आता कुणी ऐकवलं तर पुन्हा ऐकेन.

गेल्या दसऱ्याला गाडीची पूजा करताना मी झेंडूची माळ घेऊन उभी होते आणि यांचा हात पुढच्या डाव्या टायरवर थांबला. बाहेरची कड पार गुळगुळीत झाली होती, आतली नक्षी मात्र नव्यासारखी. माळ तशीच माझ्या हातात राहिली आणि हे गुडघ्यावर बसून चाकाखाली डोकावत राहिले. मग सुरू झाल्या धायरीच्या फेऱ्या. तिथले बाळासाहेब टायरवाले आमचे जुने. त्यांनी चाकं सरळ करून दिली, यांनी नवा टायर घातला, आणि थोड्याच दिवसांत तोही त्याच कडेने खरवडलेला. पुन्हा धायरी. बाळासाहेब म्हणाले, "साहेब, मशिनवर आत्ता गाडी सरळ हाय. कडंला कुठं घासती का?" हे भडकलेच. "म्हणजे मी फुटपाथवरून चालवतो की काय?" घरी येऊन मला म्हणाले, "सापडत नाहीये गं." यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

गाडीत माझी जागा यांच्या डावीकडची. फुटपाथ अलीकडे फार जवळून जातो असं मला वाटायचं आणि माझा डावा पाय आपोआप आत ओढला जायचा. "अहो, जरा उजवीकडून घ्या ना," म्हटलं की उत्तर तयार, "भागूबाई आहेस. मागे बसत जा." मी हसायचे.

त्याच दिवसांत यांनी लसणीची चटणी सोडली. ज्या माणसाला चटणीशिवाय घास उतरत नव्हता, त्याच्या ताटात ती तशीच राहायला लागली. मला वाटलं, पित्त वाढलंय. मी तिखट कमी केलं. मग कोशिंबीर राहायला लागली, लिंबाची फोड राहायला लागली. मी काकडीऐवजी गाजर किसून बघितलं! ताट वाढताना हे सगळं डावीकडे वाढतात, हे लहानपणापासून माझ्या हाताला ठाऊक आहे. पण उजवीकडची भाजी चाटूनपुसून संपते आणि डावी बाजू जशीच्या तशी राहते, हे काही डोक्यात आलं नाही. यांना टायरचा दोष चाकात दिसत होता, मला ताटाचा दोष चटणीत.

मग एक दिवस सोसायटीच्या फाटकाच्या खांबाला गाडीची डावी बाजू खरवडली. हे खाली उतरले आणि खांबाकडे बघत म्हणाले, "हा इथे कधी बांधला?" आम्ही राहायला आलो तेव्हापासून तो खांब तिथेच आहे. मी तिथूनच लेकीला फोन लावला.

आमची ऋचा खराडीच्या ऑफिसमधून तशीच निघून आली आणि यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डोक्यात उजव्या बाजूला गाठ होती. डॉक्टर म्हणाले, "डोळे उत्तम आहेत. पण डावीकडचं जग त्यांच्यापुरतं पुसलं गेलंय, आणि पुसलं गेलंय हेही त्यांना कळत नाही." आधी आलो असतो तर, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली. "फार फरक पडला नसता, ताई." हे ऐकून सुटका वाटायला हवी होती. मला मात्र तेव्हापासून काहीच धरायला उरलं नाही. रागवायचं तरी कुणावर...

हॉस्पिटलात घरचा डबा चालत होता. पुन्हा तसंच अर्धं ताट राहिलेलं बघून ऋचा म्हणाली, "आई, ताट फिरवून बघू या का?" तिने ते अर्धं फिरवलं. यांचे डोळे चमकले. "अरे वा, आज चटणी केलीस?" मी म्हटलं, "हो, आजच केली."

परवा ऋचा मला गाडीतून घेऊन निघाली. मी सवयीने डावीकडे बसले. मोकळा रस्ता लागला तशी तिने स्टिअरिंगवरचे हात क्षणभर सैल सोडले. "बघ ना आई, गाडी जराही डावीकडे ओढत नाहीये. बाबा उगाच..." तिने स्टिअरिंग पुन्हा नीट धरलं. गाडी सरळच जात होती. फुटपाथ चांगला लांब होता. तरी मी पाय आत ओढून घेतला होता.