खुराड्यातले निखारे

"हे प्लास्टिक कुणी बांधलं? अहो, मी विचारतेय, कुणी बांधलं हे?"

बायको मागच्या अंगणातून ओरडत होती. पुण्याला बहिणीकडे चार दिवस राहून ती सकाळच्या विमानाने नुकतीच परतली होती; पायात चपला तशाच. मी तीन स्वेटर, मफलर आणि माकडटोपी अशा चिलखतात बाहेर आलो, तोवर तिने खुराड्याचं दार उघडलं होतं. आत सहाही कोंबड्या मरून पडल्या होत्या. जखम नाही, रक्त नाही. झोपेत दांडीवरून घसराव्यात तशा.

दिल्लीच्या आर. के. पुरममधल्या आमच्या तळमजल्याच्या क्वार्टरमागे तिने त्या पिल्लं असल्यापासून वाढवल्या होत्या. ऑफिसात मी सांगायचो, आमच्या कोंबड्यांची अंडी एवढी मोठी की एकाच्या ऑम्लेटवर अख्खा सेक्शन जेवेल. लोक हसायचे. खरी गोष्ट एवढीच की तिच्या स्कूटरचा आवाज आला की सहाही फाटकाशी गोळा व्हायच्या. माझी दखल एकीनेही कधी घेतली नाही.

जाताना तिने बजावलं होतं, "वरची जाळी उघडी ठेवा. कोंबडीला थंडी सोसते, कोंडलेली हवा नाही सोसत."

पण काल संध्याकाळी अशी थंडी पडली की चहा ओठाशी नेईपर्यंत त्याची कुल्फी व्हावी. वीस वर्षं दिल्लीत काढूनही मी थंडीला वाघाला घाबरावं तसा घाबरतो. कोंबड्या काय चीज. मी खुराड्याला चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळलं, वर जुनी रजई टाकली आणि गेटवरच्या म्हाताऱ्या चौकीदाराकडून घमेलंभर निखारे मागून आणले.

"साहब, बंद कमरे में मत रखना," तो म्हणाला.

"अरे, कमरे में नहीं रख रहा," मी म्हणालो. आणि खरंच, खोलीत नाहीच ठेवले.

जेवायच्या वेळी तिचा फोन आला. "जाळी उघडी आहे ना?"

"हो," म्हणालो आणि लगेच तिच्या बहिणीच्या गुडघ्याची चौकशी सुरू केली.

आता अंगणात उभा राहून मी म्हणालो, "साथ आली असेल कसली तरी. मानेसरकडे म्हणे कोंबड्या पटापट मरतायत." हे मी तिथल्या तिथे रचलं होतं. खाली वाकून तिने राखेचं घमेलं बाहेर ओढलं आणि माझ्या पायाशी ठेवलं.

दुपारी कुंपणाच्या कडेला आम्ही खड्डा खणला. म्हणजे तिने खणला. मी खुरपं धरून उभा होतो. एकेक कोंबडी तिने दोन्ही हातांनी उचलून ठेवली, पंख नीट मिटून. माती लोटून झाल्यावर माझ्याच्याने राहवेना.

"काल फोनवर मी खोटं बोललो," मी म्हणालो.

"शंका आली होती."

"मग शेजारच्या वहिनींना फोन करायचास. त्यांनी येऊन पाहिलं असतं."

ती नळाखाली हात धूत होती.

"म्हटलं, या वेळी विश्वास ठेवून बघू."