पहिला पेला

पंपातून पाणी आलं. मी स्टीलचा पेला धरला, भरला आणि पाहुण्यांसमोर प्यायले. अर्धा पेला संपला असेल. तेवढ्यात आमच्या संस्थेच्या सचिवांच्या पत्नी व्हरांड्याच्या दोन पायऱ्या उतरून खाली आल्या. संस्थेत सगळे त्यांना काकू म्हणतात.

"अगं, पहिलं पाणी गढूळ असतं ना. दो बाल्टी निकाल दे, मग पाहुण्यांचे पेले भर."

पाहुणे सहा होते. संस्थेला मदत देणारे, दिल्लीहून आलेले. त्यांना काहीच कळलं नाही. माळ्याने माझ्या हातातला पेला घेतला आणि मोरीच्या कट्ट्यावर वेगळा ठेवला. त्याला ते सांगावं लागलं नाही.

मी दोन बादल्या हापसल्या. पाणी अंगणात ओतलं गेलं. मग त्याच पंपातून सहा पेले भरले.

जे घडलं ते क्रमाने सांगते. ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतल्या सचिवांच्या बंगल्याच्या आवारात संस्थेचा प्रशिक्षणाचा हातपंप आहे. आदल्या दिवशी दोन मजूर घेऊन मी पाइप वर ओढले, वॉशर बदलला. सकाळी साडेनऊला पाणी काचेसारखं स्वच्छ होईपर्यंत हापसलं. तेव्हा काकू आल्या आणि देवघरासाठी तांब्या भरून घेऊन गेल्या. अकराला मी प्यायले. साडेनऊ आणि अकरा यांच्यात पाण्यात काही बदललं नव्हतं. माझ्या पेल्याची कड पंपाच्या तोंडाला लागली, एवढंच.

माझे पणजोबा दख्खनमधून ग्वाल्हेर संस्थानाच्या फौजेत आले, घोड्यांची खोगिरं शिवायला. काकूंच्या घरचे त्याच वाटेने आले, दरबारच्या कामाला. इथल्या मराठी घरांत आडनाव ऐकलं की अजून कळतं, कोण कशासाठी आलं होतं. वडील सरकारी पाणी विभागात हातपंप मिस्त्री. मी थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढले, त्यांचा पाना उचलत काम शिकले. तेव्हा पंपातले वॉशर चामड्याचे असायचे. ते वर्षभर पाण्यात बुडून राहायचे. सगळं शहर ते पाणी प्यायचं. चामडं चाललं. चामडं शिवणाऱ्याची पणती चालली नाही.

पहिल्या पेल्याची पद्धत आफ्रिकेतल्या मलावीतली. संस्थेने मला तिथल्या एका गावात सहा महिने पाठवलं होतं. गावाचा एकच पंप, कधीचा बंद. बायका नदीचं पाणी आणायच्या, पोरं जुलाबाने खंगायची. नऊ जणींना मी पंप उघडायला शिकवलं. सांडलेलं पाणी त्यांनी चर खणून वाफ्यांत सोडलं, भाजी लावली, बाजारात नेली. गावच्या पाणी समितीचा एक नियम होता: जी दुरुस्त करते, तीच पहिला पेला पिते. तिलाच प्यायची हिंमत नसेल तर बाकीच्यांनी का प्यावं?

पहिल्या दिवशी पाणी आलं आणि मी पेला भरून सगळ्यांत म्हाताऱ्या बाईपुढे धरला. स्वतः दोन पावलं मागे सरकले. सवयीने. एस्नात नावाची माझी शिष्या कमरेवर हात ठेवून तुटक्या इंग्रजीत म्हणाली, "काय टीचर, स्वतःच्या कामावर भरवसा नाही?"

बायका खो खो हसल्या. मी प्यायले. चाळिशी ओलांडली होती माझी. कुठल्याही पंपावर सगळ्यांच्या आधी पाणी पिण्याची ती पहिली वेळ.

हा नियम मी सचिवांना सांगितला होता. म्हणूनच त्या दिवशी बंगल्यावर ते म्हणाले होते, "तिथे करता तसंच करून दाखव, पाहुण्यांना आवडेल." मी करून दाखवलं.

बंगल्यावरच्या कार्यक्रमाचं मी एस्नातला आधीच कळवलं होतं. दोन दिवसांनी दुपारी तिचा व्हिडिओ आला. त्यांचा पंप पुन्हा सुरू झाला होता. तिने स्वतः दुरुस्त केला, घटाघटा प्यायली, तोंड पुसलं आणि विचारलं, "टीचर, तुझ्या देशात पहिला पेला तूच प्यायलीस ना?"

मी फोन पालथा ठेवला. बसवेना. थाटीपुर चौकापर्यंत चालत गेले, परत आले, पुन्हा गेले. काकूंचं वाक्य टोचत नव्हतं, तशी वाक्यं ऐकतच वाढले. त्या दोन बादल्या टोचत होत्या. माझा स्पर्श माझ्याच हातांनी धुतला होता. पाणी स्वच्छ आहे हे तिथे मला सगळ्यांत पक्कं ठाऊक होतं, आणि मी गप्प बसले होते.

सोमवारी संस्थेच्या जयेंद्रगंजातल्या ऑफिसात गेले. सचिव म्हणाले, "ये बेटा, बस. मलावीचं तिकीट या आठवड्यात होऊन जाईल."

मलावीच्या दुसऱ्या फेरीचं ते तिकीट मला हवं होतं. त्या नऊ जणींना पंपाची खालची झडप काढायला अजून शिकवायचं होतं. ती बिघडली की पंप बंद, वाफे कोरडे, पुन्हा नदी.

"आधी दर्पण कॉलनीच्या पंपावर तिथला नियम लिहा," मी म्हटलं. "दुरुस्त करणारी पहिला पेला पिते. भिंतीवर, मोठ्या अक्षरात."

ते हसले. "अरे, वो अफ्रीका है. इथे घर आहे, सोवळं-ओवळं आहे. काकूंचा स्वभाव तुला माहीत आहे. बुरा मत मान."

"साहेब, पाणी गढूळ होतं का?"

"विषय तो नाहीये."

"विषय तोच आहे."

"एका पेल्यासाठी तिकीट घालवशील?"

"दोन बादल्यांसाठी."

तिकीट रद्द झालं. पत्रात कारण दिलं, 'प्रकृती'. माझी प्रकृती ठणठणीत आहे. खरं कारण मी वेळेसकट लिहून सहाही पाहुण्यांना पाठवलं. कुणाचं उत्तर नाही. माझ्या जागी सचिवांचा पुतण्या जातोय. त्याने पाना कधी धरलेला मी पाहिला नाही. एस्नातला सगळं खरं सांगितलं. खालची झडप तिला फोनवर शिकवते आहे. अर्धं तिला कळतं, अर्धं तिथे हात लावल्याशिवाय कळणार नाही. तिचा पंप त्याआधी बंद पडला तर त्याचं उत्तर मलाही द्यावं लागेल.

दर्पण कॉलनीतला वॉशर झिजेल. वॉशर झिजतोच. मग मला बोलावतील. मी जाईन. दुरुस्त करीन, पेला त्यांच्याच स्वयंपाकघरातला मागेन आणि सगळ्यांसमोर पहिली पिईन. त्यानंतर कुणाला दोन बादल्या ओतून टाकायच्या असतील, तर दांडा मोकळा आहे. त्यांनी हापसाव्यात.