संपादकांचा विरोधक

“काऊन बे, कोणी भांडलं काय?”

टपालवाला दारात दिसला की आमचे संपादक हाच प्रश्न टाकत. बुलढाण्यात त्यांचं साप्ताहिक होतं. कारभार नागपूरहून चाले आणि तिथले हुकूम मुकाट ऐकायची लोकांना सवय झाली होती. वर्तमानपत्रही लोक तसंच ऐकत. डोणगाव-जानेफळाहून कधी पत्र आलंच, तर ‘फार छान लिहिता’ एवढंच. ते वाचून संपादकांचा चेहरा पडायचा.

“छापलेलं म्हणजे काय फर्मान हाये? कोणीतरी उलट बोलाले पायजे,” ते थकून म्हणत.

मी त्यांच्या छापखान्यात खिळे जुळवायचो. शेवटी कंटाळून ते स्वतःच स्वतःविरुद्ध पत्रं लिहू लागले. खाली सही, ‘एक नागरिक’. एकट्यानंच दोन्हीकडचे पत्ते खेळणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण आमचे संपादक समोरच्याला मुद्दाम हरवत नसत.

मग एकदा त्यांनी लिहिलं, पेठेतली विहीर सगळ्यांना खुली करा. गावकुसाबाहेरच्या बायका तिथे घागरी घेऊन उन्हात ताटकळत. कुणाच्या मनात येईल तेव्हा वरून पाणी मिळे. हे संपादकांच्या जिवाला फार लागलं होतं. पुढच्या अंकात नागरिकाचं उत्तर आलं: घाई कशाला? आधी त्यांच्यासाठी वेगळी विहीर खोदू, मग सावकाश पाहू.

“इतकं गोड काऊन लिहिलं जी?” मी विचारलं.

“खोटं भांडण मले जमत नाही.”

विहिरीसाठी सभा भरली. एकानं उठून नागरिकाचं पत्रच वाचून दाखवलं आणि सगळ्यांना हायसं वाटलं. संपादक घाईघाईनं उभे राहिले. “अहो, ते मीच लिहिलं हाये!”

सभा खो खो हसली. “राहू द्या जी, तुमाले इतकं चांगलं कुठं जमते?”

वेगळी विहीर कोणी खोदली नाही. बायका तिथेच उभ्या असत. संपादकांनी नागरिकाच्या नावानं पुन्हा ओळ लिहिली नाही, फक्त त्याला उत्तरं लिहीत राहिले. आता मात्र पत्रं येऊ लागली, सगळी नागरिकाच्या बाजूनं. त्यातलं एकही त्यांनी दाबलं नाही. मला त्यांची कीव यायची, आणि रागही.

ते गेले तेव्हा स्मशानात बरीच माणसं आली. लाकडं रचून होईपर्यंत पेठेतला एक जण सारखा इकडेतिकडे पाहत होता. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “तो नागरिक नाही आला. एवढा भांडला, आज तरी येवाले पायजे होतं त्यानं.”